आई-बाबांसाठी ताजमध्ये एक रात्र : पॅलेस की टॉवर, आणि बाकी बारीकसारीक

प्रश्न थोडक्यात असा आहे की आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, दोघं पुण्याचे, सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे कुरकुरतात, आणि मुलाला-सुनेला त्यांना मुंबईच्या ताजमध्ये, म्हणजे गेटवेसमोरच्या जुन्या ताजमध्ये, एक रात्र ठेवायचंय. पॅलेस घ्यायचा की टॉवर, सी व्ह्यूसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का, तिथे करायचं काय, आणि "आपल्यासारख्यांना तिथे अवघडल्यासारखं होणार नाही ना" असं बाबा विचारतायत. मी बरीच वर्षं हॉटेल लाइनमध्ये फ्रंट ऑफिसला काढली (ताजमध्ये नाही), आता लोकांची बुकिंगं करून देतो, त्यात जुन्या हेरिटेज हॉटेलांची मागणी भरपूर असते, तेव्हा जरा लांबलचक लिहितो, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात. मऊ गादी, पांढरीशुभ्र चादर, संगमरवरी बाथरूम हे सगळं मुंबईत कुठल्याही नव्या पंचतारांकित हॉटेलात मिळतं, बऱ्याचदा ताजपेक्षा मोठ्या रूममध्ये आणि कमी पैशात. अपोलो बंदरला, म्हणजे ताज उभं आहे तिथे, तुम्ही जादाचे पैसे मोजता ते इमारतीचे आणि आजूबाजूच्या वस्तीचे. त्यामुळे दुपारी चारला पोचायचं, एसी लावून टीव्ही बघायचा, रात्री जेवायचं आणि सकाळी घाईघाईत निघायचं असा बेत असेल तर खरंच नका जाऊ, पुण्यातच वाकडला चांगलं हॉटेल घ्या. जायचंच असेल तर त्या इमारतीत आणि त्या परिसरात जास्तीत जास्त तास कसे मिळतील हे बघायचं, आणि माझं पुढचं सगळं गणित त्यावरच आहे.

आता पॅलेस की टॉवर. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की ताज म्हणजे शेजारी शेजारी दोन इमारती आहेत. घुमटवाली जुनी ती पॅलेस विंग, १६ डिसेंबर १९०३ ला उघडली. तिच्या बाजूला कमानीकमानींचा उंच टॉवर आहे तो १९७३ चा. दोन्हीकडे मिळून साडेपाचशेच्या आसपास खोल्या, आणि साइटवर सगळ्यात स्वस्त जो आकडा दिसतो तो जवळपास नेहमी टॉवरचा असतो. टॉवर वाईट अजिबात नाही, वरच्या मजल्यावरची समुद्राकडची रूम मिळाली तर गेटवे आणि बोटी पायाखाली दिसतात, पण एकच रात्र आहे आणि निमित्त ४० व्या वाढदिवसाचं आहे तर पॅलेसच घ्या. आपली रूम तिथे असली की रात्री जेवण झाल्यावर त्या लांबलचक कॉरिडॉरमधून, जिन्यावरून हवं तेव्हा हिंडता येतं, आणि खरी मजा तीच आहे. रूममध्ये तसंही झोपायचंच असतं.

सी व्ह्यू की सिटी व्ह्यू? इथे माझं मत जरा वेगळंय. बजेटला ताण पडत असेल तर पॅलेसमधली सिटी व्ह्यू घ्या आणि वाचलेल्या पैशात दुपारी हॉटेलातल्याच सी लाउंजमध्ये हाय टी, म्हणजे चहासोबत पोटभर खाणं, करा, कारण समुद्र सी लाउंजच्या खिडकीतून दिसतो, फुटपाथवरून दिसतो, तो काही कुठे जात नाही. टॉवरमधली सी व्ह्यू आणि पॅलेसमधली सिटी व्ह्यू यांचे भाव कधी कधी जवळजवळ येतात, तेव्हा डोळे झाकून पॅलेस. आणि बजेट असेलच, पॅलेसची समुद्राकडची रूम परवडत असेल, तर एक लक्षात ठेवा की अपोलो बंदर पूर्वेकडे तोंड करून आहे. मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं, रूममधून सनसेट दिसेल ना? नाही दिसणार. इथे सूर्य समोरच्या बंदरातून उगवतो, मावळतो मरीन ड्राइव्हला. म्हणजे ही रूम पहाटे उठणाऱ्यांची आहे, आणि सत्तरीतली माणसं साडेपाचला उठतातच, त्यामुळे तुमच्या आई-बाबांना हे फार छान जुळेल. डिसेंबर-जानेवारीत सात वाजून गेल्यावर सूर्य वर येतो, समोर नांगरलेल्या बोटींच्या मधून.

बुकिंग करताना कन्फर्मेशनवर विंगचं नाव आणि व्ह्यू दोन्ही छापून आलेत का ते बघा. तोंडी कोणी म्हणालं "सर, ट्राय करू" तर ते धरू नका. माझ्या एका क्लायंटने कोकणातल्या एका हॉटेलात कुठल्याशा साइटवरून सी व्ह्यू घेतला होता, तिथे गेल्यावर कळलं की समुद्र बाल्कनीत जाऊन डावीकडे मान वाकडी केल्यावर दिसतो. तर रूमच्या कॅटेगरीचं नाव जसंच्या तसं वाचायचं. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर मेंबर रेट असतो, मेंबरशिप फुकट आहे, तो आणि बाकीच्या साइट्सचा भाव शेजारी ठेवून बघा, आणि तुलना करताना टॅक्ससकट आणि ब्रेकफास्टसकट करा. रूमचं भाडं रात्रीला ७५०० च्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणजे स्क्रीनवर ३०,००० दिसले की खिशातून ३५,४०० जाणार. अशा हॉटेलात जेवणावरही १८ टक्केच लागतो. ब्रेकफास्ट नसलेला रेट दोन-तीन हजारांनी कमी दिसतो आणि मोह होतो, पण तिथे सकाळी दोघांनी वेगळे पैसे देऊन खायचं ठरवलं तर तो फायदा एका फटक्यात जातो, शिवाय ताजचा सकाळचा नाश्ता ही निवांत दोन तासांची गोष्ट आहे, तो सोडू नका.

कुठला वार? रविवारची रात्र. शनिवारी भाव चढे असतात, सोमवारपासून ऑफिसच्या कामाने येणारे सुरू होतात, रविवारी त्यातल्या त्यात बरं मिळतं, आणि पेन्शनीत असलेल्यांना सोमवारची सुट्टी टाकावी लागत नाही. ३१ डिसेंबर तर विसराच, गेटवेवर माणसांचा समुद्र असतो आणि पोलीस रस्ते बंद करतात, डिसेंबरच्या सुरुवातीला नेव्ही डेच्या कार्यक्रमांमुळेही तिथे बंदोबस्त असतो. आणि पावसाळ्याला नाक मुरडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये भाव उतरतात, आणि भरतीच्या वेळी वरून पाऊस कोसळत असताना त्या खिडकीत चहा घेऊन बसणं याला तोड नाही. फक्त फिरणं कमी होईल हे धरून चाला.

रूम बुक झाली की जायच्या चार-पाच दिवस आधी हॉटेलला एक ईमेल टाका. फोन नाही, ईमेल, म्हणजे लेखी राहतं. त्यात लिहा की वयस्कर जोडपं आहे, लग्नाचा ४० वा वाढदिवस आहे, कितीला पोचणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाथटबवाली नको, सरळ चालत आत जाता येईल असा शॉवर असलेली बाथरूम हवी. हे कोणी सांगत नाही, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला टबची कड ओलांडून आत जाऊन अंघोळ करायची म्हणजे शिक्षा आहे, ओल्या पायांनी बाहेर येताना तर धडकीच भरते. जुन्या इमारतींमध्ये प्रत्येक रूमची बाथरूम वेगळ्या मापाची असते, त्यामुळे मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. सोबत हेही मागा की रूम लिफ्टपासून फार लांब नको, पॅलेसचे कॉरिडॉर दिसायला सुंदर आहेत पण आईला दिवसातून सहा वेळा चालावे लागले तर ती सौंदर्य विसरेल. वाढदिवसाचं आधी कळवलं की बहुतेक मोठी हॉटेलं केक, फुलं असं काहीतरी करतात, पण हक्काने मागू नका, कळवा आणि सोडून द्या.

चेक-इनला दोन गोष्टी. एक, प्रत्येक मोठ्या माणसाचं फोटो आयडी लागतं, पत्ता असलेलं, पॅन कार्ड चालत नाही. बाबा लोकांना पाकिटात पॅन कार्डच ठेवायची सवय असते, तेव्हा आधार घ्या म्हणावं. दोन, हॉटेल तुमच्या कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतं, खाण्यापिण्याच्या खर्चासाठी डिपॉझिट म्हणून. क्रेडिट कार्डावर ती नुसती ब्लॉक होते, डेबिट कार्डावर मात्र खात्यातून खरोखर वजा होते आणि परत यायला आठवडा लागतो, मग बाबांना बँकेचा मेसेज येतो आणि वाढदिवसाच्या दिवशी बीपी वाढतं. तुमचं क्रेडिट कार्ड वापरायचं असेल तर त्याबद्दल आधीच हॉटेलशी बोला, दुसऱ्याच्या कार्डाला बऱ्याच ठिकाणी फॉर्म भरून द्यावा लागतो.

आता अवघडलेपणाचं. हा प्रश्न मला पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळीकडून येतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दारात मेटल डिटेक्टर, बॅगा स्कॅनरमधून, आत शिरलं की फुलांचा वास आणि सगळे इंग्रजीत गुड आफ्टरनून म्हणतायत, माणूस दबतोच. पण तिथला निम्मा स्टाफ मराठी बोलतो हो! बाबांनी बिनधास्त मराठीत सुरुवात करावी. कपड्यांचं म्हणाल तर आईची नेहमीची चांगली साडी आणि बाबांचा इस्त्रीचा शर्ट-पँट कुठल्याही रेस्टॉरंटला चालतो, संध्याकाळी अडवतात ते हाफ पँट आणि रबरी चपलांना. रात्री पोट बिघडलं किंवा नुसताच दही-भात खावासा वाटला तर रूम सर्व्हिसला सांगायचं, मेनूत नसला तरी करून देतात, अशा किचनला ही विनंती रोजची आहे. टीप द्यायचीच असेल तर बॅग आणणाऱ्याला शंभर-दोनशे पुष्कळ झाले. रेस्टॉरंटच्या बिलात सेवाशुल्क लावलेलं दिसलं तर ते ऐच्छिक असतं, काढा म्हटलं तर काढावं लागतं.

आणि बाबांना हेही सांगा की ही इमारत काही फक्त साहेबाची नव्हे. जमशेदजी टाटांनी बांधली, आणि आराखडा करणारे होते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधीच गेले, मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनिअरने ते पूर्ण केलं. बांधकाम केलं खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी, आणि मधला जो अधांतरी वाटणारा मोठा जिना आहे तो त्यांचाच. जमशेदजींना हॉटेल सुरू झालेलं बघायला मिळालं, पण पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये ते गेले.

जिन्यापाशी जरा थांबा म्हणावं. लोक तिथे सेल्फी काढतात आणि पुढे जातात. जमशेदजींचा अर्धपुतळा आहे तिथे उभं राहायचं आणि मान वर करायची. पायऱ्या एका बाजूने भिंतीत रुतलेल्या, दुसऱ्या बाजूला खाली आधाराला एकही खांब नाही, नुसता लोखंडी नक्षीचा कठडा, आणि तसेच जिने मजल्यामागून मजला चारी बाजूंनी वर चढत जातात ते थेट घुमटाच्या पोटापर्यंत. सकाळच्या शांततेत बघा, दुपारी तिथे कोणाचं ना कोणाचं फोटोशूट चालू असतं. हॉटेलात राहणाऱ्यांसाठी हेरिटेज वॉकही असते, त्या दिवशी आहे का आणि किती वाजता ते चेक-इन करतानाच विचारून नाव घालून ठेवा. हॉटेलच्या संग्रहातली चित्रंही बघायला सांगा, हुसेन आहेत, आपले वासुदेव गायतोंडे आहेत.

तिथे गाइड, टॅक्सीवाले, नातेवाईक सगळे एक गोष्ट सांगतील की इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि आर्किटेक्टने त्या धक्क्याने जीव दिला. थाप आहे. मूळ प्रवेशद्वार शहराच्या बाजूलाच ठेवलं होतं, जिथे आता स्विमिंग पूल आहे तिथे घोडागाड्या येऊन थांबायच्या, नंतर दार समुद्राकडे आलं. दुसरी गोष्ट, वॉटसन हॉटेलात जमशेदजींना "फक्त गोऱ्यांसाठी" म्हणून हाकललं आणि म्हणून त्यांनी चिडून ताज बांधलं. ऐकायला झकास आहे पण ठोस पुरावा कोणाकडे नाही. १८९६ च्या प्लेगने मुंबईची पार रया गेली होती, शहराला पुन्हा उभारी यावी असं त्यांच्या मनात होतं, हे कारण जास्त पटतं. आणि एक गंमत, ताज आधी आणि गेटवे नंतर. गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं, म्हणजे आधीची २१ वर्षं बोटीने मुंबईत येणाऱ्याला समोर हे हॉटेलच दिसायचं. पहिल्या महायुद्धात याच इमारतीत ६०० खाटांचं हॉस्पिटल होतं.

२६/११ बद्दल मुद्दाम काही करायला नको, पण त्या हल्ल्यात हॉटेलात जीव गमावलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे, ३१ नावं आहेत, तिथे दोन मिनिटं उभं राहा. पॅलेस विंग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० ला परत उघडली. स्टाफला खोदून खोदून विचारू नका, कामावर असलेल्या माणसाला ते नकोसं होतं.

वेळापत्रक मी असं करून देईन. रविवारी डेक्कन क्वीन, पुण्याहून ७:१५, सीएसएमटीला १०:२५. (गाडीनेच जायचं म्हणाल तर हट्ट नाही, पण एक्स्प्रेसवेचा रविवार मला तरी नको.) सीएसएमटीहून ताज दोन-अडीच किलोमीटर, काळी-पिवळीवाले जवळचं भाडं म्हणून कुरकुर करतील, अ‍ॅपवरून करा. चेक-इन दोन वाजता असतं, पण बॅगा अकरालाच बेल डेस्कवर टाकता येतात आणि तेव्हापासूनच तुम्ही हॉटेलचे पाहुणे, रूम लवकर तयार असेल तर लवकरही देतात. बॅगा टाकून टॅक्सीने काळा घोडा. रविवारी सकाळी फोर्टमध्ये ऑफिसची गर्दी नसते आणि हा सगळा भाग मान वर करून बघायचा आहे, त्यामुळे हाच दिवस. वस्तुसंग्रहालय, शेजारी १९५२ पासूनची जहांगीर आर्ट गॅलरी, पलीकडे डेव्हिड ससून लायब्ररी, आतल्या गल्लीत निळं-पांढरं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), १८८४ चं. आणि ते वॉटसन हॉटेल बघायचं असेल तर तेही तिथेच आहे, आता एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात, बिडाच्या लोखंडी सांगाड्याची इमारत, पार खंगलेली. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला सिनेमा तिथे दाखवला गेला. युनेस्कोने २०१८ मध्ये जो जागतिक वारशाच्या यादीत घेतला तो पट्टा थोडा पुढे ओव्हल मैदानाभोवती, एका बाजूला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको बिल्डिंगा. गुडघे साथ देत नसतील तर ओव्हलची फेरी टॅक्सीत बसूनच मारा, काही कमी होत नाही.

दोनला परत, रूम, एक तास आडवं व्हायचं. मग सी लाउंज, पहिल्या मजल्यावर. खिडकीचं टेबल आधी फोन करून मागा, रविवारी ऐनवेळी मिळत नाही. केक-सँडविचच्या जोडीला तिथे शेवपुरीसुद्धा असते आणि आई-बाबा तिथेच रमतील. मुंबईतल्या कितीतरी घरांतले मुलगा-मुलगी बघायचे कार्यक्रम याच टेबलांवर झालेत, तेव्हा ४० वर्षं झालेल्या जोडप्याने तिथे बसणं शोभतंच. हाय टी पोटभर असतो, रात्री भूक लागत नाही, त्यामुळे रात्रीच्या मोठ्या जेवणाचं बुकिंग करू नका, पैसे वाया. बाबा घेत असतील तर हार्बर बारमध्ये एक ग्लास, १९३३ चा आहे, मुंबईतला पहिला परवानाधारक बार. नसतील घेत तर कुल्फी मागवा आणि खिडकीतून गेटवेवरची रविवारची जत्रा बघा, खाली उतरू नका, तिथे धक्काबुक्कीच असते.

गेटवे सोमवारी पहाटे. सहा-साडेसहाला खाली या, रस्ता ओलांडला की झालं. फोटोवाले अजून आलेले नसतात, एलिफंटाच्या बोटीवाले डेकवर पाणी मारत असतात, सायकलवरचा चहावाला फिरत असतो, आणि कालची सगळी गर्दी गायब असते. तेव्हाच गेटवेचा तो पिवळसर दगड, खारोडीचा बेसाल्ट, नीट दिसतो. मागे वळून हॉटेलचा फोटो काढायचा तो याच वेळी, कारण उगवतीचं ऊन बरोबर पॅलेसच्या दर्शनी भागावर पडतं. एलिफंटाचा विचार कोणी मनात आणला असेल तर सोमवारी लेणी बंद असतात, आणि तशीही ती तासाभराची बोट आणि वर शंभरावर पायऱ्या, आईंसाठी नकोच.

मग नाश्ता, सावकाश. बारा वाजता चेक-आउट. मिनीबारमधलं काही घेतलं नसेल तर बिलात ते नाही ना हे जागेवरच बघा, घरी गेल्यावर ईमेल-ईमेल खेळण्यात अर्थ नसतो. बॅगा पुन्हा बेल डेस्कवर. बाबांना नॉनव्हेज चालत असेल तर बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात बेरी पुलाव, १९२३ चं इराणी आहे, फक्त दुपारचं चालतं आणि रविवारी बंद, म्हणून तर ते सोमवारवर टाकलं. जाता जाता बाबांना सांगा, बॅलार्ड इस्टेट, गेटवे आणि कालचं वस्तुसंग्रहालय, तिन्हींच्या मागे एकच आर्किटेक्ट आहे, जॉर्ज विटेट. शाकाहारी असतील तर सीएसएमटीजवळ पंचम पुरीवाला, पण बसायला जागा साधीच आहे, कालच्या रात्रीनंतर आईंना ती चालेल का ते तुम्ही ठरवा. परतीची डेक्कन क्वीन ५:१० ची, बॅगा घ्यायला जेवणानंतर ताजला परत जावं लागतं ते अर्धा-पाऊण तासाचं धरा, कारण सोमवारी चारनंतर फोर्टचा ट्रॅफिक रविवारसारखा नसतो. रिझर्व्हेशन मात्र आत्ताच करा, तिची विंडो सीट मिळणं ताजच्या खिडकीपेक्षा अवघड आहे.